आबांच्या मनगटाची झांगट

आमचं घर गुरवाचं. महादेवाच्या देवळाच्या भिंतीला लागून दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीत बारा महिने पळसाच्या पानांचा ढीग. माय त्या पानांच्या पत्रावळी लावायची आणि त्यातून हात मोकळा झाला की शिलाई मशीनवर बसायची. पानांची सळसळ, मशीनची खडखड, अभिषेकपात्राची टिपटिप, आणि दिवस मावळताना झांगट, एवढ्या आवाजांत मी वाढले. झांगट म्हणजे काशाची जाड थाळी. गाभाऱ्याच्या दाराशी डाव्या अंगाला ती दोरीनं टांगलेली असायची. लाकडी मोगरीनं तिच्यावर मारलं की ओढ्यापलीकडं कापूस वेचणाऱ्या बाया बोलणं अर्धवट टाकून उठायच्या आणि ओटीतला कापूस आवरून घराकडं निघायच्या. आता मी परभणीत राहते, खाली रिक्षांचा आणि वर कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज असतो, पण संध्याकाळी एक वेळ अशी येते की कान काहीतरी शोधत राहतात. मग मी उठून उगाच चहा टाकते.

जेवणाचं म्हणाल तर आमच्या घरी साऱ्या गावची चव होती. नैवेद्याची ताटं यायची, त्यातलं निम्मं आम्हाला. कुणाची येसराची आमटी, कुणाची अंबाडीची भाजी, कुणाच्या घरी मिठाला हात आखडता, कुणाच्या घरी तेलाला. पाहुणे येऊन गेले की दोन दिवस पुरणपोळी, आणि सुगी बिघडली की नैवेद्याला नुसता दहीभात. ताटावरचं फडकं उचलायच्या आधी माय वासावरून घर सांगायची आणि ती सहसा चुकत नसे. मला मात्र त्या ताटांचा कंटाळा होता. आपल्या घरात आपल्या मनासारखी एक भाजी शिजावी, एवढं साधं माझं मागणं होतं, आणि मायचं उत्तर ठरलेलं असायचं, "देवानं धाडलेल्याला नाव ठिवू नये बाई. गिळ गपचीप."

देवळाची पाळी दोन घरांत वाटलेली होती. चांदण्याचा पंधरवडा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. अंधाराचा पंधरवडा त्यांचे चुलतभाऊ रंगाकाका यांचा. दोघं समोरासमोर राहायचे. बोलाचाली होती, जेवणखाण नव्हतं. कारण साधं होतं. रंगाकाकांना दोन मुलगे आणि आबांना मी एकटी. आबांच्या मागं चांदण्याचा पंधरवडाही रंगाकाकांच्या घरी जाणार हे साऱ्या गावाला माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट न बोलता दोन घरांच्या मधल्या बोळात बसून राहते. रंगाकाका बोलायला तुसडे. मला पाहिलं की विचारायचे, "शिकायलीस का अजून? कवा संपायचंय ते?" मी परभणीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते. रोज एसटीनं जायचं, रोज एसटीनं यायचं, आणि आल्यावर पत्रावळीला काड्या लावायच्या. त्या दिवसांची सगळ्यात पक्की आठवण झोपेची आहे. मला कायम झोप यायची.

आबांना लकवा झाला तो अंधाराच्या पंधरवड्यात, म्हणून गावाला दोन-चार दिवस कळलंही नाही. सकाळी तांब्या उचलायला गेले आणि डावा हात खालीच राहिला. दवाखान्यात ठेवलं. पायांत जोर परत आला, बोलणंही सुधारलं, पण डावा हात काही परत आला नाही. मध्ये आमचा एक पंधरवडा गेला तो गावानं आजारपणाचा म्हणून माफ केला. पुढचा लागायच्या आधी मात्र देवस्थानचे पंच घरी आले. त्यांतले किसनराव वयानं मोठे. त्यांनी पडवीत बसून, पाणी पिऊन, हळू आवाजात सांगितलं, "गुरव, रीत तुमाला ठावं हाय. सांजआरती एका माणसाच्या दोन हातांची. एक हात आरतीला, एक झांगटीला. एका पंधरवड्यात दोन सांजा दुसऱ्यानं वाजवलं की पाळी त्येची." रीत जुनी होती. कुणी घरबसल्या गडी लावून पाळी चालवू नये म्हणून कधीतरी कुणीतरी घातलेली. पोराला हात लावायची मुभा होती, पोरीला नव्हती. पोरगी लग्न करून परक्या घरी जाते, पाळी तिच्यामागं जाईल, अशी त्यांना भीती. मी तिथंच दाराआड उभी होते. मला राग आला होता आणि तो आजही तसाच आहे, त्याचं लोणचं घातल्यासारखं झालंय. पंच गेल्यावर आबा म्हणाले, "पाळी गेली तर मी ह्या गावात कोण गं?" त्यांनी ते मला विचारलं नव्हतं, पण उत्तर मीच शोधायला लागले.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा असतो. वर्गातली पोरं पाण्याची टाकी भरली की मोटार बंद करणारं यंत्र करत होती, दरवर्षी तेच. मी सरांना म्हणाले, मला घंटा वाजवायचीय. सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत. गोष्ट तशी अवघड नव्हती. भंगारवाल्याकडून एक सोलेनॉइड आणलं. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचं रीळ, आत लोखंडी दांडा. रिळाला करंट दिला की दांडा उसळतो, करंट तोडला की स्प्रिंग त्याला मागं ओढते. दांड्याच्या टोकाला लाकडाची मोगरी बसवली. करंट कधी द्यायचा आणि कधी तोडायचा हे ठरवायला मायक्रोकंट्रोलर, चाळीस पायांची एक काळी चीप. तिच्या एका पायावर बटणाचा सिग्नल घ्यायचा, दुसऱ्या पायावरून ट्रान्झिस्टर चालू करायचा, त्यानं रिळाला करंट मिळायचा. गावात लाइटीचा भरवसा नव्हता म्हणून खाली स्कूटरची जुनी बॅटरी. पहिल्यांदा दांडा उसळला आणि चीप बेशुद्ध पडली, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. प्रत्येक ठोक्याला हेच. रीळ करंट सोडताना उलटा झटका मारतं, त्याला वाट करून द्यायला आडवा डायोड लावायचा असतो, आणि तो मी विसरले होते. सरांनी तो खिशातून काढून दिला. डायोड खिशात घेऊन फिरणारा तो माणूस मला फार आवडायचा.

घरी आणून पितळी परातीवर लावलं. ठक् असा आवाज आला, परात वाजलीच नाही. आबा खाटेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "टेकून ठिवू नको. मारलं की सोडायचं." खरंच, मी करंट इतका वेळ ठेवला होता की मोगरी परातीला चिकटूनच राहत होती आणि आवाज दाबला जात होता. पापणी लवेल तेवढाच करंट ठेवला, तेव्हा परात गायला लागली. आबा उठून बसले. नंतरचे काही दिवस मी बसमध्ये मांडीवर वही ठेवून प्रोग्रॅमच्या ओळी लिहायची, प्रयोगशाळेत चीपमध्ये भरायची आणि घरी येऊन वाजवून दाखवायची. आबा मान हलवायचे, कधी आडवी, कधी उभी. बापलेकीत आमचं इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं, आणि तेही मानेनंच.

आता बटण कुठं लावायचं? उजव्या हातात आरती, डावा हात निकामी. मला उत्तर समोरच दिसत होतं, कारण माय दिवसभर ते दाबत असायची. शिलाई मशीनचं जुनं पायडल माळ्यावर पडलेलं होतं. त्याच्याखाली पत्र्याचा एक स्विच बसवला. पायानं दाबायचं, झांगट वाजायची, हात मोकळा. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. अमावास्येच्या आधी एका दुपारी, देवळात कुणी नाही असं पाहून, मी ते सगळं झांगटीला जोडलं आणि पायडल एकदा दाबलं. झांगट एकदा वाजायची ती धडाधड सात-आठदा वाजली. घाबरून पाय काढला, तर पुन्हा तसंच. घरी नवं बटण वापरलं होतं. हा पत्र्याचा जुना स्विच दाबला की थरथरायचा, आणि चीप एवढी चपळ की प्रत्येक थरथर तिला वेगळा सिग्नल वाटायची. आता आमच्या गावात झांगट अशी धडाधड वाजली की एकच अर्थ, आग लागली. मी पायडलाशी झटापट करतेय तोवर माणसं बादल्या, घागरी घेऊन देवळापुढं हजर. कुणी विचारायलंय कुणाची गंजी, कुणी विचारायलंय कुणाचा गोठा. मी वायरी हातात धरून उभी. रंगाकाका ओल्या पोत्यासह आले, माझ्याकडं पाहिलं, पोतं खाली टाकलं आणि म्हणाले, "आग तर दिसंना. अक्कल तेवढी जळालेली दिसायलीय." लोक हसत परत गेले. किसनराव हसले नाहीत.

थरथरीवर इलाज प्रोग्रॅममध्येच असतो. पहिला सिग्नल आला की क्षणभर डोळे मिटायचे, थरथर जिरू द्यायची, मग पुन्हा पाहायचं. दुसऱ्या दिवशी परभणीला जाऊन त्या दोन-चार ओळी घातल्या. प्रतिपदेच्या सांजेला सगळं तयार. सभामंडपात नेहमीपेक्षा माणसं जास्त, गंमत बघायला आलेली. आबा धुवट धोतर नेसून गाभाऱ्याच्या दारात उभे राहिले. उजव्या हातात पंचारती पेटवलेली. पायडल त्यांच्या उजव्या पायाशी. त्यांनी पाय उचलला. मग तो तसाच अधांतरी राहिला. पिंडीकडं बघत, एक पाय उचलून, माझे आबा उभे, आणि पाय काही खाली येईना. आला तो पायडलाच्या बाजूला, फरशीवर. आरती फिरायला लागली, झांगट गप्प. मला त्या घटकेला कळलं. देवाची झांगट पायानं? सुपारीला पाय लागला तर कपाळाला हात लावणारा माणूस, आणि त्याच्या पोरीनं त्याला देवापुढं लाथ मारायला उभं केलं होतं. गुरवाच्या घरात जन्मून मला ते सुचलं नाही, आणि आबांनीही घरी एका शब्दानं सांगितलं नाही, कारण मी दमले होते आणि खुशीत होते. झांगटीवाचून आरती पुरी करता येत नाही. रंगाकाका पुढं झाले, मोगरी उचलली आणि आरती संपेपर्यंत वाजवली. ती सांज त्यांच्या नावावर गेली. किसनराव जाताना म्हणाले, "आजचं सोडू. उद्या बगू." उद्याही तेच झालं तर पाळी गेली, हे त्यांनी बोलायची गरज नव्हती.

घरी कुणी जेवलं नाही. आबा भिंतीकडं तोंड करून पडले. मी पायडल माळ्यावर फेकलं, ते गडगडत परत खाली आलं. माय ते उचलून कोपऱ्यात ठेवत म्हणाली, "हात तर हलायलाय की त्येंचा. आरती फिरवायलेत न्हवं?" मी तिच्याकडं बघत राहिले. सकाळी सायकलच्या दुकानातून बेअरिंगची एक छर्री, म्हणजे बारीक लोखंडी गोळी, आणली. बोटभर लांबीची रबरी नळी, तिच्या एका टोकाला दोन खिळे, आत छर्री. नळी कलंडली की छर्री घरंगळून खिळ्यांवर येते, दोन्हींना चिकटते आणि सिग्नल जातो. मायनं जुन्या ब्लाउजच्या कापडाची पट्टी शिवली, तिच्यात नळी बसवली आणि ती आबांच्या उजव्या मनगटाला बांधली. आरती गोल फिरताना प्रत्येक फेरीला मनगट एकदा कलतं. तेवढं पुरे होतं. प्रोग्रॅमला मी हातही लावला नाही. सिग्नल पायाचा आहे की हाताचा हे त्या चीपला कुठं कळतं, तिला फक्त आला की नाही एवढंच कळतं. कळणं-न कळणं सगळं आमच्याकडं. त्या सांजेला आबांनी आरती फिरवली आणि प्रत्येक फेरीला झांगट एकदा वाजली, स्वच्छ, मोकळी. किसनराव मनगटाकडं बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हात त्येचाच हाय. मला तर खोट दिसंना." माय पदर तोंडाला लावून रडली. मी रडले नाही, मला झोप आली होती.

हल्ली देवळातली यंत्रं माझ्याकडं दुरुस्तीला येतात. बटण दाबलं की मोटारीवर ढोल, घंटा, झांजा सगळं आपोआप, पुजारी तिकडं मोबाइल बघत बसला तरी चालतं. मी ती दुरुस्त करते, पोट आहे. पण त्यांचा ठोका नेहमी सारखा असतो, सकाळी तसाच, संध्याकाळी तसाच, आणि मला तो ऐकवत नाही.

कारण आबांचा ठोका सारखा नव्हता. आधी डाव्या हातानं झांगट वाजवताना उजवा हात दमला तर ते आरती जरा थांबवायचे, झांगट चालू असायची, बाहेर कुणाला काही कळत नसे. आता हात थांबला की झांगट थांबायची. हात जड झाला की ठोके लांब पडायचे. रानातल्या बायाही दुसऱ्या दिवशी मायला विचारायच्या, "काल मालकास्नी बरं नव्हतं का गं?" आमच्या घरातला थकवा गावभर ऐकू जात होता. वर्ष-दीड वर्ष असं चाललं. आबा वाळत चालले होते. पंचारती पितळेची, तेल घातलं की चांगली जड, आणि तोल एकाच हाताचा. मला परभणीला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम लागलं होतं. एका रविवारी मी त्यांना म्हणाले, "आबा, चीपमध्ये दोन ओळी बदलते. एकदा सिग्नल आला की पुढं आपोआप वाजत राहील. तुमी हात खाली घेतला तरी."

आबांनी मनगटावरची पट्टी कुरवाळली. म्हणाले, "मंग मी तिथं कशाला उभारू?" थोड्या वेळानं म्हणाले, "मी थकलोय बाई. लय थकलोय. पर ते देवाला ठावं हाय, त्येच्यापून काय लपवायचं." मी ओळी बदलल्या नाहीत. बदलल्या असत्या तर त्यांना कळलंही नसतं, असं कधीकधी वाटतं. पण कळलं असतं.

थंडीतली एक सांज. मी आणि माय पडवीत पत्रावळी बांधत होतो. झांगट सुरू झाली, एक ठोका, मग लांबून दुसरा, मग बराच वेळ काही नाही. मग तिसरा, दबका. मग नाहीच. मायचे हात पानांवर थांबले. मी धावले. सभामंडपात पाच-दहा माणसं हात जोडून उभी, कुणी हलत नव्हतं. आबांचा हात खाली आलेला, पंचारती मांडीजवळ, तिच्यातलं तेल धोतरावर ओघळत होतं. चेहरा घामानं भरलेला. आरती अर्धीच झाली होती. आणि झांगटीच्या बाजूला रंगाकाका. खाली मोगरी ठेवलेली होतीच. एक पाऊल पुढं टाकून ती उचलली असती तर कुणी त्यांना वाईट म्हणालं नसतं, रीतच तशी होती, आणि हा चांदण्याचा पंधरवडा पहिल्या दिवसापासून असाच रखडत चालला होता. मी दारातच थांबले. पुढं गेले असते तरी मला करता येण्याजोगं तिथं काही नव्हतं.

रंगाकाका पुढं झाले. मोगरी न ओलांडता वळसा घेऊन ते आबांच्या उजव्या अंगाला गेले आणि त्यांच्या कोपराखाली आपला पंजा धरला. "दादा," ते म्हणाले, "घे वर. मी हाय." त्यांनी हात उचलला, आबांचा, आरतीसकट, आणि गोल फिरवला. झांगट वाजली. पुन्हा फिरवला, पुन्हा वाजली. आबांनी डोळे मिटले आणि हाताचा सगळा भार त्यांच्या पंज्यात सोडून दिला, ते मला दारातून दिसलं. आरती पुरी झाली.

लोक तीर्थ घेऊन निघाले. किसनराव मात्र रेंगाळले. रीत त्यांच्या गळ्यात बांधलेली होती, त्यांना विचारणं भागच होतं. "रंगा, मंग आजची सांज कुणाच्या नावावर धरायची?"

रंगाकाका बाहेर पायरीवर चपला शोधत होते. त्यांनी वर बघितलंही नाही. "वाजली कुणाच्या मनगटानं?" ते म्हणाले. "माझ्या मनगटाला हाय का पट्टी?"

किसनरावांनी ती सांज आबांच्या नावावर धरली. दुसऱ्या दिवशी सांजेला रंगाकाका न बोलावता आले आणि आबांच्या उजव्या बाजूला उभे राहिले, तिसऱ्या दिवशीही आले. त्यांचा अंधाराचा पंधरवडा संपला की ते आमच्या चांदण्यात यायचे, आणि आमचा संपला की परत त्यांचा सुरू. आबा जाईपर्यंत त्या माणसाला एक सांज मोकळी मिळाली नाही.